सांगलीत स्विफ्टला सबवूफर बसवला: १२ इंची काढून १० इंची घेतला, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

गाडी माझी स्विफ्ट, पेट्रोल, एमएच १०. रोजचं येणंजाणं विश्रामबाग ते कुपवाड एमआयडीसी आणि महिन्यातनं दोनतीनदा कोल्हापूर नाहीतर पुणे. गेल्या दोन वर्षांत या एकाच गाडीत दोनदा सबवूफर, म्हणजे गाण्यातला खालचा आवाज (बेस) देणारा मोठा स्पीकर, बसवून झालाय. पहिला १२ इंची, रेडीमेड डब्यातला, तो सहा महिन्यांत काढला. दुसरा १० इंची, मापानं डबा बनवून घेतलेला, तो आठ महिने झाले गाडीत आहे आणि त्याच्यामुळं आता घरासमोर गाडी लावल्यावर चालू असलेलं गाणं संपेपर्यंत मी खाली उतरत नाही. ऑफिसमधले चौघंजण वेगवेगळ्या वेळी विचारून गेले की कुठला घेऊ, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतोय.

पहिल्या वेळी मला एवढंच माहीत होतं की मित्राच्या गाडीत वाजतो तसा दणका पाहिजे. दुकानात भिंतीवर बोर्ड असतोय, त्यावर तीनचार सब लावलेले, बटण दाबून एकेक वाजवून दाखवतात, आणि १२ इंची सुरू झाला की छातीत असं धडधडतंय की पुढं दुसरं काही बघावंसं वाटत नाही. पण तो बोर्ड मोठ्या हॉलमध्ये, त्याच्यामागचा डबा वेगळा, ॲम्प म्हणजे सबला ताकद देणारा ॲम्प्लिफायर वेगळा, आणि माझी गाडी म्हणजे ३.८४ मीटर लांबीची बंद खोली, तिच्यात तोच सब तसाच वाजणार नाही हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दुकानदारानं विचारलेले प्रश्न दोनच. किती इंची पाहिजे, आणि बजेट किती. गाडी कुठली हे त्यानं बिल करताना विचारलं.

खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० वॉट छापलेलं. हा आकडा बघून कुणीही घेऊ नका हे मी हात जोडून सांगतो. तो पीक किंवा मॅक्सचा आकडा असतो, म्हणजे क्षणभरासाठी सब जेवढं सोसू शकेल तेवढं. तासन्‌तास गाणी वाजवताना जे कामाला येतं ते आरएमएस, आणि ते खोक्यावर बारीक अक्षरात कोपऱ्यात नाहीतर आतल्या कागदावर असतं. माझ्या त्या १२ इंचीचं आरएमएस होतं २५०. आत्ता जो पायोनियरचा १० इंची आहे त्याच्यावर १३०० छापलंय आणि नॉमिनल, म्हणजे आरएमएससारखाच सततचा आकडा, ४०० आहे. म्हणजे चांगल्या कंपनीसुद्धा मोठा आकडा पुढं लावतात, त्यात फसवाफसवी आहे असं मी म्हणत नाही, पण ॲम्पशी जोडी लावायची ती बारीक आकड्याशी. ॲम्पचंही तेच, किती ओहमला (ओहम म्हणजे सबच्या कॉइलचा विजेला होणारा विरोध) किती आरएमएस देतो ते बघायचं. आणि वॉट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो असंही नाही, दुप्पट पॉवर दिली की ३ डेसिबलच वाढतात, कानाला ते 'थोडं वाढलं' एवढंच वाटतं. त्यामुळं २५० आणि ४०० मधला फरक जेवढा वाटतो तेवढा नसतोच. खरा फरक डब्यात आहे, त्याच्यावर येतोच.

तर तो पहिला डबा. ३० बाय १४ बाय १४ इंच, एमडीएफचा म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, वर काळं कार्पेट, बाजूला हवेसाठी भोक म्हणजे पोर्ट. लिटरमध्ये काढलं तर बाहेरून ९६ लिटर होतात, आणि स्विफ्टची डिकी आहे २६८ लिटरची. कागदावर तिसरा हिस्सा गेला पण प्रत्यक्षात उरलेल्या जागेत मोठी बॅग आडवी बसेना. एकदा मामाकडं तासगावला गेलो तेव्हा परत येताना द्राक्षाच्या पेट्या मांडीवर घेऊन बसलो होतो आम्ही. ते एक वेळ सोडून देऊ. पण वाजत कसा होता? पहिले आठ दिवस लय भारी वाटला. मग माझ्या लक्षात यायला लागलं की कुठलंही गाणं लावा, खालचा आवाज एकच. बूं. लावणी असू दे, भजन असू दे, पंजाबी असू दे, त्याच्या मनात एकच सूर. ढोलकीची थाप पडली की थाप संपल्यावरसुद्धा मागनं ते बूं लोंबकळत राहायचं, आणि पुढची थाप त्याच्यात बुडायची.

हे का होतं ते मला नंतर कळलं. भोकाचा डबा एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला ट्यून झालेला असतो, बाटलीच्या तोंडावर फुंकलं की एकच सूर निघतो तसं. ट्यूनिंगच्या आसपासचा आवाज तो उचलून धरतो, पण त्या खाली उतरलं की आवाज झपकन पडतो आणि सबचा कोन, म्हणजे पुढंमागं हलणारा पडदा, मोकळा सुटल्यासारखा हलायला लागतो. पोर्टेड डबा वाईट असतो असं मुळीच नाही. नीट हिशोब करून, कमी फ्रिक्वेन्सीला ट्यून करून, सबसॉनिक फिल्टर (अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लावून केला तर कमी पॉवरमध्ये जास्त आवाज देतो आणि ज्याला ईडीएम, हिपहॉप, रीमिक्स जास्त आवडतं त्यानं तोच घ्यावा. पण रेडीमेड मिळतात ते डबे कुठल्याही सबला चालतील अशा अंदाजानं केलेले असतात. प्रत्येक सबला त्याचा त्याचा डबा लागतो. हे गणित थील आणि स्मॉल नावाच्या दोघांनी बसवलं, म्हणून सबच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हास असे जे आकडे असतात त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ते आकडे दिले की कुठल्या सबला किती लिटरचा डबा ते निघतं. ज्या दुकानात हे आकडे कुणी बघतच नाही तिथं डबा करून घेऊ नका.

आणि हे समजायला आपल्याकडच्या माणसाला पुस्तकाची गरज नाही, मिरज शेजारी आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ते वाचून मी आणि पप्पा एका रविवारी मुद्दाम तिथं गेलो होतो. पप्पा भजनी मंडळात तबला वाजवतात, त्यांची तिथं ओळख आहे. दुकानात दाराशी भोपळ्यांची रास, पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं आलेले, कडक वाळलेले, एकेकाचा घेर मिठीत न मावणारा. कारागीर एकेक भोपळा उचलायचा, अंगठ्यानं हलकंच टकटक करायचा, कान लावायचा, आणि काहीच न बोलता एक डावीकडं एक उजवीकडं ठेवायचा. मी विचारलं काय बघताय, तर म्हणाले, "आवाज तार देत नाही, आवाज हा देतोय. ह्यो चुकला तर वर सोन्याची तार लावली तरी तंबोरा बोलणार नाही." जाडी किती, आत पोकळी किती, कुठं मऊ राहिलाय का, सगळं त्या एका टकटकीत. माझ्या डोक्यात तिथंच डिकीतला तो काळा डबा आला. मी घरी येऊन डिकी उघडली आणि त्या डब्याच्या पाठीवर तसंच टकटक केलं, तर पातळ पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ आवाज, आणि एका कोपऱ्यात फटीतनं हवा येत होती, गाणं लावून हात धरला तर फुस्स फुस्स जाणवत होती.

तरी मी तो लगेच काढला नसता, पण एका रात्री उदगावहून येत होतो, अंकलीचा पूल ओलांडला आणि गाडीत प्लॅस्टिक जळाल्याचा वास. गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं. बॅटरीवरनं ॲम्पला गेलेली जाड वायर इंजिनच्या मागच्या पत्र्यातनं जिथं आत शिरते तिथं भोकाला रबरी ग्रोमेट लावलेलाच नव्हता, पत्र्याच्या कडेनं घासून घासून इन्सुलेशन गेलं होतं आणि आतल्या तारा दिसत होत्या. फ्यूज होता, पण तो कुठं, तर मागं ॲम्पजवळ. म्हणजे बॅटरी ते ॲम्प अशी साडेचार-पाच मीटर वायर कुठंही बॉडीला टेकली असती तर वाटेत तिला थांबवणारं काहीच नव्हतं, अख्खी बॅटरी त्या वायरमधनं गेली असती. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो, ॲम्पच्या नाही, म्हणून तो बॅटरीपासनं दीड फुटाच्या आत लागतो. पाठीमागं सीटवर बहीण आणि तिची तीन वर्षांची मुलगी होती त्या दिवशी. मी तिथंच बॅटरीची टोकं सोडवली, ती वायर काढली आणि घरापर्यंत सब बंद. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर "सगळ्यांच्या असंच बसवतो, आजवर काही झालं नाही" एवढंच उत्तर मिळालं. दुकानाचं नाव मी इथं घेणार नाही. पण तुमच्या गाडीत सब असेल तर आज बोनेट उघडून एवढं बघा: बॅटरीजवळ फ्यूज आहे का, आणि वायर पत्र्यातनं जाते तिथं रबर आहे का. बाकी रिव्ह्यू नाही वाचला तरी चालेल.

त्याच वायरचं अजून एक. दिसायला बोटाएवढी जाड होती, '४ गेज' म्हणून दिली होती. दुसऱ्या दुकानातल्या फिटरनं ब्लेडनं एक तार खरवडून दाखवली, वरनं तांबूस, आतनं चांदीसारखी पांढरी. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, त्याला सीसीए म्हणतात. ती तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश करंट वाहते आणि वरचं प्लॅस्टिकच जाड असतं. आत्ता गाडीत ८ गेजची (गेजचा आकडा मोठा तेवढी वायर बारीक) शुद्ध तांब्याची आहे, ओएफसी लिहिलेली, दिसायला त्या पहिलीपेक्षा बारीक, पण माझ्या ॲम्पला पुरून उरते. हिशोब सोपा आहे: ३०० वॉट आरएमएसचा क्लास डी (कमी पॉवर वाया घालवणाऱ्या जातीचा) ॲम्प, त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तो बॅटरीकडनं ३७५ वॉट ओढणार, भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे २७ अँपिअर. त्याला ४० अँपिअरचा फ्यूज. आधी दणका बसला की हेडलाइट मिचमिचायच्या, आता नाही.

दुसरं दुकान शंभर फुटी रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे. बाहेर मोठा बोर्ड नाही, दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, मागं सुतारकाम. मालक स्वतः फिटिंग करतो, जोडीला एक पोरगा. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पाऊण तास होतो आणि त्यानं मला काही विकलं नाही. माझ्या गाडीत बसला, म्हणाला, "दादा, तुम्ही काय ऐकता ते लावा की." मी चार गाणी लावली. मग विचारलं, डिकी किती वापरता, मागच्या सीटवर कोण बसतंय, कंपनीचा स्टिरिओ बदलायचाय का ठेवायचाय. मी म्हटलं १२ इंचीच पाहिजे, १० इंचीत काय मजा. त्यावर तो म्हणाला, "दादा, इंचाचं काय घेऊन बसलाय, तुम्हाला बेस किती खाली पाहिजे आणि डिकी किती सोडणार ते सांगा. बंद डब्यात १० इंची बसवू, नाही आवडला तर डब्याचे पैसे मी घेणार नाही." असं बोलणारा दुकानदार मला तरी पहिल्यांदाच भेटला.

बंद डबा म्हणजे सीलबंद, भोक नाही. आत अडकलेली हवा स्प्रिंगसारखी कोनला मागं ओढून धरते, त्यामुळं थाप संपली की कोन जागेवर येतो, लोंबकळत नाही. आवाजाच्या जोराच्या बाबतीत तो पोर्टेडपेक्षा थोडा कमी पडतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला हळूहळू उतरत जातो, मग गाडीत कमी पडणार नाही का, हा माझा प्रश्न. तर नाही, आणि ह्याचं कारण मला सगळ्यात जास्त आवडलं. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. गाडी चार मीटरचीसुद्धा नाही. म्हणजे ती लाट गाडीत पुरी मावतच नाही, ती लाट म्हणून फिरत नाही तर आतली सगळी हवाच दाबते-सोडते, पंपासारखी, आणि जसजशी फ्रिक्वेन्सी खाली जाईल तसतसा हा दाब वाढत जातो. बंद डबा जिथं उतरायला लागतो तिथंच गाडी त्याला वर उचलते. लहान गाडीला बंद डबा एवढा जमतो तो ह्याच्यामुळं. घरी हॉलमध्ये तोच डबा ठेवला तर मवाळ वाजेल.

डबा आतून २२ लिटर, बाहेरून ३५ लिटर, डिकीच्या डाव्या कोपऱ्यात चाकाच्या फुगवट्याला चिकटून. एमडीएफ नको म्हणाला, १८ मिलिमीटरचं चांगलं प्लाय वापरलं. सांगलीत राहणाऱ्याला ह्याचं कारण सांगायला नको, ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या ओळखीच्या एकाची गाडी पाण्यात होती, बाकी सगळं दुरुस्त झालं पण एमडीएफचा डबा भिजलेल्या पावासारखा फुगून उकलला. पूर नाही आला तरी पावसाळ्यात ओल्या छत्र्या, ओले बूट डिकीतच जातात. वजनाला एमडीएफ जास्त ठोस असतं आणि आवाजासाठी बरेच जण तेच पसंत करतात, तेही खरंय, पण मी प्लायवर खूश आहे. आतनं एक आडवी पट्टी लावली, सगळ्या सांध्यांना सिलिकॉन, वाळायला एक रात्र. दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्याच्या पाठीवर टकटक केली. दगडासारखा. मालक हसला, म्हणाला मिरजेला जाऊन आलाय काय.

सब ड्युअल ४ ओहमचा, म्हणजे त्याला दोन कॉइल (कोन हलवणारी तारेची वेटोळी). दोन्ही समांतर जोडल्या की २ ओहम, एकापाठोपाठ जोडल्या की ८. ॲम्प मोनोब्लॉक म्हणजे फक्त सबसाठीचा एका चॅनेलचा, २ ओहमला ३०० देणारा, म्हणून समांतर जोडल्या. सब घेताना हे आधी ठरवा, कारण ड्युअल २ ओहमचा सब समांतर जोडला तर १ ओहम होतो आणि बरेच ॲम्प १ ओहमला चालत नाहीत, गरम होऊन प्रोटेक्टमध्ये जातात म्हणजे स्वतःहून बंद पडतात. स्टिरिओ मी कंपनीचाच ठेवला. त्याला मागं आरसीए, म्हणजे ॲम्पला सिग्नल द्यायच्या गोल पिना, नाहीत, म्हणून मागच्या स्पीकरच्या लाइनवरनंच ॲम्पला सिग्नल दिला (ह्याला हाय लेव्हल इनपुट म्हणतात), तेही वायर न कापता, मधे कपलर म्हणजे जोडणीचा प्लग टाकून. गाडी वॉरंटीत असेल तर हा आग्रह धराच, वायर कापलेली दिसली की सर्व्हिस सेंटरला वाद घालत बसावं लागतं. अर्थिंगसाठी सीटखालच्या बोल्टजवळचा रंग सँडपेपरनं घासून चकचकीत पत्रा काढला आणि मग टर्मिनल आवळलं. पहिल्या दुकानात रंगावरच स्क्रू मारला होता.

आता गेन. हा भाग मला वाटतं सगळ्यात जास्त लोकांचे सब जाळतो. ॲम्पवरचं गेनचं बटण म्हणजे आवाज वाढवायचं बटण नाही, स्टिरिओकडनं येणाऱ्या सिग्नलशी ॲम्पचं माप जुळवायचं बटण आहे. ते पुरं फिरवून ठेवलं की ॲम्प त्याच्या ताकदीबाहेर जातो, लाटेचा माथा कापला जातो, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि असा कापलेला आवाज कॉइल तापवतो. माझ्या १२ इंचीच्या कॉइलचा काढताना जो वास आला तो मी विसरणार नाही. इथं मालकानं सबची वायर सोडवली, पेनड्राईव्हवरचा ४० हर्ट्झचा टोन लावला, स्टिरिओचा आवाज पाऊण भाग ठेवला, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या टोकांना लावला. ३०० वॉट गुणिले २ ओहम, सहाशे, त्याचं वर्गमूळ साडेचोवीस. मीटरवर साडेचोवीस व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू फिरवला आणि तिथं मार्करनं खूण केली. लो पास ८० हर्ट्झवर, म्हणजे त्याच्या वरचा आवाज सबला जात नाही, बेस बूस्ट शून्य. स्टिरिओतला बास दोन घरं कमी केला, म्हणजे दाराचे स्पीकर खालच्या आवाजासाठी धडपडत नाहीत.

मग एक गंमत केली. त्यानं मला ड्रायव्हर सीटवर बसवलं, एक गाणं लावलं आणि मागं जाऊन सबच्या प्लस-मायनस वायरी उलट्या केल्या. काही न सांगता. बेस एकदम भरीव झाला आणि डिकीतनं उठून डॅशबोर्डवर आला असं वाटलं. फेजचा फरक. दाराचे स्पीकर आणि सब एकमेकांच्या विरुद्ध ढकलत होते ते एका दिशेनं ढकलायला लागले. फुकटातलं काम, दोन मिनिटांचं, आणि पहिल्या सबच्या वेळी कुणी केलंच नव्हतं.

पप्पांना तिसऱ्या दिवशी घेऊन निघालो, हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला. आधीच्या सबला ते वैतागले होते, "डिकीत काय बडवतंय ते बंद कर" म्हणायचे. ह्या वेळी मी मुद्दाम त्यांच्याच मंडळाचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग नाही लावलं, चांगलं स्टुडिओतलं भजन लावलं ज्यात तबला स्वच्छ आहे. डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा वर चढवतात ना, खालून वर सरकत जाणारा, तो त्या जुन्या सबमध्ये कधी ऐकूच आला नव्हता कारण त्याला सरकणारा सूर माहीतच नव्हता, त्याच्याकडं एकच सूर. इथं तो पुरा सरकला. खालून उठला, वर गेला आणि बोट उचलल्यावर तिथंच थांबला. पप्पा काही बोलले नाहीत, त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप तसा सरकला, मनगट दाबून. हरिपूर आलं तरी म्हणाले, "राहू दे, एवढं संपू दे." मला जे पाहिजे होतं ते त्या एका मिनिटात मिळालं.

बेस गिटार ज्यात आहे अशी गाणीही लावून बघा, त्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची असते, तिथला प्रत्येक सूर वेगळा ऐकू आला पाहिजे. एखादाच सूर मोठा आणि बाकीचे गायब असं झालं तर डबा नाहीतर सेटिंग चुकलंय. सब निवडताना माझी कसोटी आता हीच, किती जोरात वाजतो ही नाही.

खर्च सांगतो. सब, ॲम्प, डबा, वायरिंग, मजुरी सगळं मिळून मला २६ हजार पडले, त्यात डब्याचे ४ हजार आणि तांब्याच्या वायरिंगचे साडेतीन हजार. वायरिंगला साडेतीन हजार ऐकून आधी मलाही जास्त वाटले होते. पण २६ हजारांत जर कुठं कापायचंच असेल तर सबवर कापा, एक पायरी खालचा घ्या, वायर आणि डब्यावर कापू नका.

ज्यांना एवढं करायचं नाही, डिकी पूर्ण मोकळी पाहिजे, घरातल्या सगळ्यांची मिळून एकच गाडी आहे, त्यांनी सीटखालचा ॲक्टिव्ह सब बघावा. सोनी, पायोनियर, केनवुड सगळ्यांचे आहेत, ॲम्प आतच असतो, ८ इंचीच्या आसपासचा चपटा कोन. माझ्या बहिणीच्या वॅगनआरमध्ये तसा बसवलाय. छातीत धडक नाही बसत, ४० हर्ट्झच्या खाली फार काही नाही, पण दाराच्या स्पीकरना जे जमत नाही ते अंग भरून येतं आणि तिला तेवढंच पाहिजे होतं. फक्त घ्यायच्या आधी सीटखाली उंची मोजा, सीट पुढंमागं सरकवून मोजा, आणि पावसाळ्यात ओल्या मॅटचं पाणी तिथं जात नाही ना ते बघा. बेसट्यूब, म्हणजे गोल नळकांड्यात बसवलेला सब, मात्र घेऊ नका असंच माझं मत आहे, त्या नळकांड्यात माझ्या त्या पहिल्या डब्याचेच सगळे दोष आहेत.

तक्रारी आहेत. कबूल केलं होतं एका दिवसाचं, लागले अडीच दिवस. त्याच्याकडं काम जास्त आणि हात दोनच, फोन उचलत नाही, दोनदा जाऊन बघून यावं लागलं. कार्पेटचा एक कोपरा महिन्याभरात सुटला, परत गेल्यावर लगेच चिकटवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. नंबर प्लेट अजून थोडी खडखडते, मागं फोमची पट्टी लावलीय, बऱ्यापैकी थांबलंय. आणि दारांना डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी) मारायला पाहिजे होती सब बसवायच्या आधीच, असं आता वाटतंय, कारण सब नीट झाल्यावर दाराचे स्पीकर किती पातळ वाजतात ते कळायला लागलं. ते दिवाळीनंतर.

बेसचं छोटं बटण मी गिअरजवळ घेतलंय, केबलनं ॲम्पला जोडलेलं, ते न विसरता मागून घ्या, बऱ्याच ॲम्पसोबत खोक्यातच येतं आणि फिटर लावायचा कंटाळा करतात. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावरनं जाताना मी ते शून्य करतो, काचा बंद असल्या तरी करतो, कारण बेस काचेला अडत नाही, भिंतीतनं आत जातो आणि आत कोण कुठल्या अवस्थेत झोपलंय आपल्याला माहीत नसतं.

जाणार असाल तर मंगळवार-बुधवार सकाळी दहाच्या आत जा, शनिवार-रविवारी तिथं उभं राहायला जागा नसते. डिकी रिकामी करून न्या पण स्टेपनी आणि जॅक आतच असू देत, कारण डब्याचं माप स्टेपनी काढता येईल असं धरूनच घ्यायचं असतं. तुमची रोजची चार गाणी पेनड्राईव्हवर न्या, यूट्यूबवरनं नको. आणि मल्टिमीटर लावताना शेजारी उभे राहा, तो स्वतःहून दाखवतो.